पट्टा पोटाला, लगाम जिभेला
गॅस्ट्रिक बँड शस्त्रक्रियेनंतरचे आरोग्यदायी जीवन

बँकेच्या दालनात येणाऱ्या माणसाचे प्रश्न केवळ पैशाचे असतात, असा एक समज आहे. प्रत्यक्षात पैशाच्या प्रश्नामागे बहुधा दुसराच एखादा प्रश्न उभा असतो. काही महिन्यांपूर्वी कोलकात्यातील भवानीपूर भागात राहणाऱ्या एक मराठी ग्राहक भगिनी मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज घेऊन आमच्या शाखेत आल्या. पतीचे वजन अतोनात वाढले होते, मधुमेह जडला होता आणि डॉक्टरांनी वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करण्यास सांगितले होते. ठेव न मोडता ठेवीवर कर्ज घेता येईल, हे मी त्यांना समजावून सांगितले. जाताना त्या म्हणाल्या, “एकदा ऑपरेशन झालं की सुटलो ना आम्ही?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परंतु ते ज्यांच्यापाशी होते, असे आमचे एक सेवानिवृत्त सहकारी मला ठाऊक होते. त्यांनी २०१० साली गॅस्ट्रिक बँडची शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्यांच्या संमतीने, नाव न देता, त्यांचा अनुभव आणि त्यामागील शास्त्र वाचकांसमोर ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

जठराला पट्टा म्हणजे काय?

गॅस्ट्रिक बँड म्हणजे सिलिकॉनचे एक वर्तुळाकार कडे. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोटावर लहान छिद्रे पाडून, ते जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती बसविले जाते. त्यामुळे पट्ट्याच्या वर एक चिमुकली पिशवी तयार होते. तिची धारणक्षमता साधारणतः १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन मोठे चमचे एवढीच असते. चार घास पोटात जाताच ही पिशवी भरते आणि पोट भरल्याचा संदेश मेंदूकडे जातो. पट्ट्याच्या आतील बाजूस एक फुगा असतो. तो एका बारीक नळीने त्वचेखाली बसविलेल्या लहानशा डबीशी जोडलेला असतो. या डबीत सुईने सलाइन भरले की पट्टा आवळतो आणि काढून घेतले की सैल होतो. जठर कापले जात नाही आणि गरज पडल्यास पट्टा काढता येतो, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

असा आवळता-सैल करता येणारा पट्टा अमेरिकेतील शल्यविशारद ल्युबोमिर कुझमाक यांनी १९८६ साली वापरला. १९९३ साली बेल्जियममध्ये तो दुर्बिणीद्वारे बसविण्यात आला आणि २००१ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यास मान्यता दिली. जगभरातील अशा शस्त्रक्रियांमध्ये २००८ साली पट्ट्याचा वाटा सुमारे ४२ टक्के होता. २०११ पर्यंत तो १८ टक्क्यांच्या आसपास आला. पट्टा जागेवरून सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे, वरची पिशवी ताणली जाणे, नळीतून गळती होणे अशा कारणांनी अनेक रुग्णांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे आज शल्यविशारद बहुधा जठराचा मोठा भाग काढून टाकणारी ‘स्लीव्ह’ किंवा अन्नाचा मार्ग बदलणारी ‘बायपास’ शस्त्रक्रिया सुचवितात. तथापि, पूर्वी पट्टा बसविलेले रुग्ण आजही आपल्यात वावरत आहेत आणि त्यांनी पाळावयाचे अनेक नियम इतर शस्त्रक्रिया झालेल्यांनाही उपयोगी पडणारे आहेत.

या शस्त्रक्रियांविषयी आपल्याकडे पूर्वी उघडपणे बोलले जात नसे. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या बातमीने मराठी घरांतही हा विषय पोहोचला. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी २०१३ साली जठराला पट्टाच बसवून घेतला होता.

एका वहीची गोष्ट

आमच्या सहकाऱ्यांचे वजन शस्त्रक्रियेच्या वेळी १२४ किलो होते. पहिल्या दीड वर्षात ते २९ किलोंनी घटले. त्यानंतर त्यांची कोलकात्यास बदली झाली आणि वजनाचा काटा उलट फिरू लागला. दोन वर्षांत १४ किलो परत आले. “पट्टा काम करीत नाही,” अशी त्यांची तक्रार होती. दर भेटीत ते डॉक्टरांना पट्टा आणखी आवळण्याचा आग्रह करीत आणि तो आवळलाही जाई. पण वजन वाढतच राही. घरच्यांची बोलणी, कार्यालयातील थट्टा आणि स्वतःचीच वाटणारी लाज यांमुळे आपण सर्वांसमोर जेवणेच टाळू लागलो होतो, असे ते सांगतात.

अखेरीस एका डॉक्टरांनी त्यांना सात दिवस एक वही ठेवण्यास सांगितले. तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ आणि प्रत्येक घोट तिच्यात लिहावयाचा होता. सारी हयात रोकड वहीत गेलेल्या माणसाने ती चोख लिहिली. तिच्यात पोळी जवळजवळ नव्हती, कारण ती अडकत असे. भाजी नव्हती. मासळी दोनदा घेतली होती आणि दोन्ही वेळा उलटून पडली होती. मात्र रोज सहा कप गोड चहा होता, दुपारी मिष्टी दोई होते, संध्याकाळी रसगुल्ले होते आणि रात्री आइस्क्रीम होते.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि पट्टा आवळण्याऐवजी त्यातील थोडे सलाइन काढून घेतले. सहकाऱ्यांना ही चेष्टाच वाटली. परंतु पट्टा सैल झाल्यावर त्यांना साधे घन अन्न पुन्हा खाता येऊ लागले, गोडाची गरज घटली आणि पुढील वर्षभरात नऊ किलो वजन उतरले.

या गोष्टीतील मर्म असे की, पट्टा अन्नाचे प्रमाण रोखतो, त्याची निवड करीत नाही. चावून खाण्याचे घन अन्न त्यापाशी थांबते आणि तृप्ती देते. पातळ, मऊ व गोड पदार्थ मात्र विनाअडथळा खाली उतरतात. पट्टा प्रमाणाबाहेर आवळला की पौष्टिक अन्न गिळणे अशक्य होते आणि माणूस नकळत मऊ गोडाकडे वळतो. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर समोरच्या दारावर पहारा बसविला आणि मागचे दार सताड उघडे राहिले.

हिशेब मांडून पाहू. एका कपात दोन चमचे साखर धरली तर सहा कपांत बारा चमचे साखर, म्हणजे सुमारे २४० कॅलरी रोज पोटात जाते. महिन्याची बेरीज ७,२०० कॅलरी होते. शरीरातील एक किलो चरबी साधारणतः ७,७०० कॅलरींच्या बरोबरीची मानली जाते. आवर्ती ठेवीत दरमहा अल्प रक्कम टाकणाऱ्याची पुंजी जशी वाढते, तशीच ही पुंजीही वाढते. फरक इतकाच की ती कोणालाच नको असते.

आहाराची शिस्त

शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, पुढे घोटून केलेले व त्यानंतर मऊ अन्न, आणि साधारण सहा आठवड्यांनंतर घन अन्न असा क्रम असतो. पट्ट्यात प्रथम सलाइन भरण्याची वेळही त्याच सुमारास येते. प्रत्येकाचा क्रम डॉक्टर ठरवितात. त्यात स्वतः बदल करू नये. त्यानंतर पुढील नियम कायमचे असतात.

१. घास लहान, बोटाच्या पेराहूनही लहान घ्यावा. तो पूर्ण मऊ होईपर्यंत चावावा आणि जेवणास २० ते ३० मिनिटे द्यावीत.
२. जेवताना पाणी पिऊ नये. जेवणानंतरही सुमारे अर्धा तास थांबावे. पाण्याने अन्न पट्ट्यातून लवकर वाहून जाते व भूक परत येते. दिवसभरात मात्र घोटाघोटाने पुरेसे पाणी प्यावे.
३. ताटातील प्रथिने आधी खावीत, नंतर भाजी आणि शेवटी भात अथवा पोळी. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने मिळावीत. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, तर १०० ग्रॅम रोहू मासळीतून सुमारे १७ ग्रॅम प्रथिने मिळतात.
४. तृप्तीची पहिली जाणीव होताच हात थांबवावा. पुढचा एक घास म्हणजे छातीत दडपण आणि उलटी.
५. फसफसणारी शीतपेये, सरबते व गोड पेये टाळावीत.
६. जीवनसत्त्वे व लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्याव्यात. आहार कमी झाल्याने त्यांची उणीव निर्माण होऊ शकते.

कोलकात्याची परीक्षा

हे नियम पाळण्यास कोलकाता हे सोपे शहर नव्हे. येथे पाहुण्याचे स्वागत, परीक्षेतील यश, नव्या वर्षाच्या खातेवहीचे पूजन, सारे मिठाईनेच साजरे होते. लुची, चिकट भात व मैद्याचे रोल हे पट्ट्यापाशी अडकणारे, तर रसगुल्ला व मिष्टी दोई हे अलगद निसटणारे पदार्थ. म्हणजे जे अडकते तेही वर्ज्य आणि जे निसटते ते त्याहून वर्ज्य.

तरीही याच शहराच्या स्वयंपाकघरात उत्तम पर्याय आहेत. रोहू किंवा कातला माशाचा कमी तेलातील पातळ ‘झोल’, मुगाची डाळ, उकडलेले अंडे, साखर न घातलेला ताजा छेना हे पदार्थ मऊ असून प्रथिनयुक्त आहेत. इलिश मासा चवीला अप्रतिम. पण त्याचे बारीक काटे काळजीपूर्वक काढल्याखेरीज तो खाऊ नये. मराठी घरांत मुगाचे कढण, पातळ पिठले व घरचे बिनसाखरेचे दही हे पर्याय आहेतच. हाजरा मार्गावरील महाराष्ट्र निवासातील गणेशोत्सवात आमचे सहकारी आजही जातात. एका मोदकाचे चार तुकडे करून त्यातील एकच सावकाश खातात आणि उरलेले शेजाऱ्याच्या हाती देतात. “प्रसाद नाकारला नाही आणि नियमही मोडला नाही,” असे ते हसून म्हणतात.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या अनुमतीने चालण्याचा व्यायाम सुरू करावा. आहार घटतो तेव्हा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. त्यांना टिकविण्यासाठी चालण्याच्या जोडीला हलके वजन उचलण्याचे व्यायामही आवश्यक आहेत. रवींद्र सरोवराचा परिसर आणि मैदान यांसारख्या मोकळ्या जागा या शहरात लाभल्या आहेत. पहाटे तेथे फिरणाऱ्यांची गर्दी पाहिली की एकटेपणाची भावना आपोआप ओसरते.

धोक्याच्या सूचना

वारंवार उलट्या होणे, पाणीही न उतरणे, रात्री झोपेत आंबट पाणी घशाशी येणे, पोटात तीव्र वेदना, ताप, डबीच्या जागी लाली वा सूज, अथवा तृप्तीची जाणीव अचानक नाहीशी होणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. सतत उलट्या होत राहिल्यास थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मज्जासंस्थेस इजा पोहोचू शकते. वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे वजन घटते तशी बदलावी लागतात. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी आधी सल्ला घ्यावा. त्या काळात पट्टा सैल करण्याची गरज भासू शकते.

खर्चाचा ताळेबंद

अनेक कुटुंबे केवळ शस्त्रक्रियेच्या खर्चाची तरतूद करतात. परंतु तपासण्या, पट्ट्याचे समायोजन, आहारतज्ज्ञांचा सल्ला, पूरक गोळ्या हा खर्च पुढे वर्षानुवर्षे चालतो आणि पट्टा काढण्याची वेळ आली तर मोठी रक्कम लागते. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या दिवसापासूनच एक स्वतंत्र आवर्ती ठेव सुरू करावी.

आरोग्य विम्याबाबत विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली प्रमाणित केलेली अट ध्यानात घ्यावी. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व वैद्यकीय निकषांनुसार व्हावी, रुग्ण १८ वर्षे पूर्ण केलेला असावा, आणि देहभार निर्देशांक ४० किंवा अधिक असावा. अथवा तो ३५ किंवा अधिक असून हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा गंभीर विकार किंवा उपचारांनीही आटोक्यात न येणारा मधुमेह अशी व्याधी असावी, तसेच वजन घटविण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत. यांपैकी काही अपुरे असल्यास दावा नाकारला जाऊ शकतो. देहभार निर्देशांक म्हणजे किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या. पूर्वीच्या आहारोपचारांची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि विमा कंपनीची पूर्वसंमती लेखी घ्यावी.

त्या ग्राहक भगिनींची व आमच्या सहकाऱ्यांची मी नंतर शाखेतच भेट घडवून आणली. त्यांनी आपली जुनी वही सोबत आणली होती. भगिनींनी ती बराच वेळ चाळली आणि विचारले, “काका, तुम्ही अजूनही लिहिता?” काका म्हणाले, “हो, रोज. खातं उघडणं एका दिवसाचं काम. ते चालवणं जन्माचं.” ठेवीवरील कर्जाचा अर्ज भगिनींनी त्या दिवशी पुढे ढकलला. आधी पतीसह आहारतज्ज्ञांकडे जाऊन सर्व प्रश्न विचारण्याचे त्यांनी ठरविले, आणि घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक दोनशे पानी वही विकत घेतली.