तासाला वीस मिनिटं

परीक्षेचे फॉर्म निघाले की कॉलेजातल्या माझ्या समुपदेशन कक्षात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, मला सवलत नको."

मागच्या वर्षी ते एफवाय बीकॉमची एक मुलगी म्हणाली. तिला डिस्लेक्सिया. दहावीला लेखनिक घेतला, तर निकालाच्या दिवशी मैत्रीण म्हणाली, "तुला काय, तुझा पेपर दुसऱ्यानंच लिहिला." ते मनात रुतून बसलं. तिनं वही पुढे केली. चार ओळी नीट, मग अक्षरं घसरत गेलेली. 'व्यवहार' हा शब्द एकाच पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. तेच उत्तर तोंडी विचारलं, तर घडाघडा सांगितलं.

हा 'सवलत' शब्दच मला खुपतो. त्यात कुणीतरी मेहेरबानी केल्याचा वास आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि अध्ययन अक्षमता त्यात आली. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. यूपीएससीची परीक्षा देणाऱ्या विकास कुमार यांना लिहिताना हाताला पेटके येत. ठरलेल्या प्रमाणाइतकं अपंगत्व नाही म्हणून यूपीएससीनं त्यांना लेखनिक नाकारला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लेखनिकासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही. हे सगळं हक्कानं मागायचं आहे.

पण हक्क कागदावरून वर्गात आणताना दमछाक होते. उमेदवारानं स्वतः लेखनिक आणला, तर तो उमेदवारापेक्षा कमी शिकलेला हवा, म्हणून आम्ही ज्युनिअर कॉलेजात शोधतो. अर्थशास्त्राच्या एका अंध विद्यार्थ्याला अकरावी सायन्सचा मुलगा मिळाला. सरावाला मागणीचा वक्र आला. विद्यार्थ्यानं लेखनिकाचं बोट धरून टेबलावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवलं. "असा. आता काढ." दोघांचे असे चार सराव मी लावले. नियमात सरावाचा उल्लेख नाही, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोलाचा.

त्या मुलीशी मात्र सहा वेळा बोलावं लागलं. खरी अडचण पाचव्या भेटीत बाहेर आली. "सगळे पेपर देऊन उठतील आणि मी एकटीच बसलेली दिसेन." लेखनिक नको, फक्त जादा वेळ, एवढ्यावर ती तयार झाली. परीक्षा विभागाशी बोलून तिची बैठक ग्रंथालयाशेजारच्या छोट्या खोलीत लावली. जादा वेळ लागणारे आणखी तिघं तिथेच होते.

पहिल्या पेपरला तिनं जादा तासातली पंधराच मिनिटं घेतली. दुसऱ्याला पूर्ण तास बसली.