पाकीट उघडून बघा

सोप, म्हणजे दोन यंत्रांनी एक्सएमएलमधून एकमेकांशी बोलायची पद्धत. तिच्या दुनियेत नवा आलेला माणूस पहिल्यांदा ठेचकाळतो तो ५०० या आकड्याला. वेबवर ५०० म्हणजे समोरचा सर्व्हर कोसळला, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तो लगेच मेल टाकतो: ‘तुमची सर्व्हिस डाउन आहे, तातडीने बघा.’ पलीकडून उत्तर येतं: ‘आमच्याकडे सगळं चालू आहे.’ दोघंही खरंच बोलत असतात. सोपच्या १.१ आवृत्तीचा नियमच असा की एचटीटीपीवरून येणाऱ्या निरोपात काहीही खोट निघाली तरी उत्तर ५०० क्रमांकानेच पाठवायचं, मग खोट पाठवणाऱ्याची असो वा घेणाऱ्याची. चूक कोणाची हे आकडा सांगत नाही, ते उत्तराच्या पोटात असतं. तिथे ‘फॉल्ट’ नावाचा भाग असतो आणि त्याचा पहिलाच रकाना सांगतो: ‘क्लायंट’ की ‘सर्व्हर’. क्लायंट लिहिलेलं असेल, तर मेल टाकणाऱ्याने आधी स्वतःचा कोड उघडावा हे बरं. पण घाईत लिहिलेल्या कोडमध्ये लॉगला फक्त आकडा जातो, मजकूर जातच नाही. मग दोन कंपन्यांची दहा माणसं कॉलवर बसून, कोणीच न वाचलेल्या उत्तरावर वाद घालतात.

सोपचं हे प्रकरण सुरू झालं १९९८ साली. डेव्ह वाइनर, डॉन बॉक्स, बॉब ॲटकिन्सन आणि मोहसेन अल-घोसैन या चौघांनी मायक्रोसॉफ्टसाठी त्याचा आराखडा मांडला. त्याआधी दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायचं तर कॉर्बा किंवा डीकॉम वापरावं लागे, आणि ते फायरवॉलपाशी अडे. एचटीटीपीला मात्र फायरवॉलमधून वाट होती, कारण वेब त्याच वाटेने येत होतं. तेव्हा निरोप एक्सएमएलमध्ये लिहा, त्याभोवती पाकीट घाला आणि वेबच्या वाटेने पाठवून द्या, असा हा साधा विचार. मे २००० मध्ये १.१ आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे सादर झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टसोबत आयबीएम, लोटस, एसएपी अशी मातब्बर नावं होती. जून २००३ मध्ये १.२ आवृत्तीला डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस मिळाली. गूगलनेही २००२ मध्ये आपला शोध सोपमधून खुला केला होता. पुढे २००९ मध्ये ते दार बंद झालं. तोवर वेबवाली मंडळी रेस्ट आणि जेसनकडे वळली होती.

बँका, विमा कंपन्या, विमानसेवा आणि सरकारं मात्र वळली नाहीत. युरोपात व्यापाऱ्याचा व्हॅट क्रमांक खरा की खोटा, हे तपासणारी व्हीआयईएस ही सेवा कित्येक वर्षं सोपवर चालत आली आहे. मुंबई शेअर बाजाराच्या स्टार एमएफ मंचावर वितरकांच्या सॉफ्टवेअरमधून येणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या ऑर्डरींसाठीही सोपचंच दार होतं. आणि हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात बसून परदेशी बँकांच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या पोरापोरींपैकी कितीतरी जणांच्या टिकिटांत हे नाव आजही रोज येतं. कॉलेजात कोणी शिकवलेलं नसतं. कामावर रुजू झाल्यावर अंगावर पडतं.

सोपचा करार डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलमध्ये असतो. मंडळी तिला ‘विज्डल’ म्हणतात. कोणती सेवा आहे, कोणते रकाने कोणत्या क्रमाने आणि कुठल्या पत्त्यावर पाठवायचे, सगळं तिच्यात. तिच्यावरून कोड आपोआप तयार होतो, आणि पहिला घोळही इथेच होतो. पत्ता बहुतेकदा सर्व्हर स्वतःच भरतो, आणि स्वतःबद्दल त्याला ठाऊक असतं तेवढंच भरतो. लोड बॅलन्सरच्या मागे बसलेल्या सर्व्हरला बाहेरचं नाव ठाऊक नसतं. तो आपलं आतलं नाव लिहितो, कधी सरळ ‘लोकलहोस्ट’. ब्राउझरमध्ये विज्डल झकास उघडते, पण कॉल लावला की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. उपाय सोपा आहे: पत्ता विज्डलमधून न घेता कॉन्फिगरेशनमधून द्यायचा. पीएचपीवाल्यांना आणखी एक गंमत अनुभवावी लागते. तिथे विज्डल कॅशमध्ये ठेवली जाते आणि तिची मुदत मुळात ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस असते. समोरच्याने करार दुरुस्त केला तरी आपल्याकडे कालचाच वाचला जातो. दुसऱ्या दिवशी सगळं आपोआप सुरळीत होतं आणि श्रेय भलताच माणूस घेऊन जातो.

आवृत्त्यांची सरमिसळ ही दुसरी नेहमीची भानगड. १.१ आणि १.२ यांची पाकिटं दिसायला सारखीच, पण दोघांचे नेमस्पेस वेगळे आणि कंटेंट टाइपही वेगळे. १.१ चं पाकीट ‘टेक्स्ट/एक्सएमएल’ म्हणून जातं, १.२ चं ‘ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल’ म्हणून. उलट्या प्रकारच्या दारात गेलात तर ४१५ किंवा ‘व्हर्जन मिसमॅच’ मिळतं. १.१ मध्ये ‘सोपॲक्शन’ हा वेगळा हेडर लागतो. तो चुकला तर डॉटनेटची सेवा ‘कॉन्ट्रॅक्टफिल्टर मिसमॅच’ असं काहीतरी पुटपुटते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की करारच बदलला.

ही सगळी बोलकी दुखणी. ज्या चुकीवर यंत्र ओरडतं ती चूक संध्याकाळपर्यंत सापडते. सोपची काटेकोर म्हणून ख्याती आहे, पण प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी अंमलबजावण्या अशा आहेत की जे समजलं नाही ते सरळ गाळतात आणि पुढे जातात. खरा ताप तिथे आहे.

उदाहरणार्थ, डॉटनेटमधल्या डब्ल्यूसीएफच्या डेटा कॉन्ट्रॅक्टमध्ये, वेगळं काही सांगितलं नसेल तर, रकाने इंग्रजी वर्णानुक्रमाने यावेत अशी अपेक्षा असते. तुम्ही आधी ‘नेम’ पाठवलं आणि मग ‘अमाउंट’. वाचणारा ‘नेम’पर्यंत पोचला म्हणजे ‘अमाउंट’ची जागा त्याच्या हिशेबी मागे पडलेली. आता समोर आलेली रक्कम तो बघतच नाही. रकाना सक्तीचा म्हणून नोंदवलेला नसेल तर फॉल्ट नाही, इशारा नाही, रक्कम शून्य. नेमस्पेस चुकला तरी हीच कथा: टॅगचं नाव तंतोतंत जुळतं, पण तो टॅग दुसऱ्याच घराण्याचा असल्यामुळे सर्व्हरला दिसत नाही आणि आत नल पोचतं. डॉटनेटच्याच जुन्या तऱ्हेने बनवलेल्या क्लायंटमध्ये ऐच्छिक आकडे आणि तारखा यांच्या जोडीला ‘स्पेसिफाइड’ नावाची एक खूण असते. रक्कम भरली पण ती खूण ‘ट्रू’ केली नाही, तर रक्कम पाकिटात जातच नाही. डीबगरमध्ये बघावं तर ऑब्जेक्टमध्ये ५,००० स्वच्छ दिसतात. तारेवर मात्र काहीच नाही. कोड वाचून हे सापडत नाही, कारण कोड बरोबरच दिसतो. बाहेर पडलेलं पाकीट उघडूनच बघावं लागतं.

आपल्या लिपीचंही या दुखण्यांत स्वतंत्र खातं आहे. समजा कोणी सोपचा निरोप हाताने जुळवून पाठवतंय आणि ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये अक्षरांची संख्या भरतंय. नियमाने तिथे बाइट मोजायचे असतात. इंग्रजी मजकुरात यूटीएफ-८ मध्ये एका अक्षराला एक बाइट, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे येतात आणि महिनोन्महिने काही बिघडत नाही. मग एके दिवशी शहराच्या रकान्यात कोणीतरी देवनागरीत ‘पुणे’ लिहितं. संगणकाच्या हिशेबी ही चार चिन्हं: प, उकार, ण, मात्रा. प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे बारा. हेडरने आठ बाइट कमी सांगितलेले असतात, आणि सर्व्हर सांगितलं तेवढंच वाचतो. शेपटीचे आठ बाइट बाहेर राहतात आणि पाकीट बंद करणारा शेवटचा टॅग ‘एन्व्हलप’च्या पहिल्या ‘ई’वरच तुटतो. पलीकडून तक्रार येते की एक्सएमएल अर्धवट आहे. शेवटचा टॅग तर आपण नीट लिहिलेला असतो! चूक वर हेडरमध्ये आणि बोभाटा तळाशी.

याच कुळातला दुसरा प्रकार म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये आणि पाकिटावर घोषणा आयएसओ-८८५९-१ ची. तेव्हा काही तुटत नाही, फक्त ज्ञानेश्वरांच्या जागी उच्चारता न येणाऱ्या लॅटिन अक्षरांची रांग साठवली जाते. आणि ‘कुलकर्णी & सन्स’ अशा नावातली ती ‘&’ ची खूण एस्केप न करता गेली तर पार्सर तिथेच आडवा होतो. भीतीपोटी दोनदा एस्केप केली तर पुढे बिलावर सुद्धा ‘ॲम्प’ छापून येतं.

तारखांचा घोळ तर खास भारतीय म्हणावा लागेल. ग्राहकाची जन्मतारीख १५ जून १९९०. जावाच्या जुन्या ‘डेट’ प्रकारात ती भारतीय वेळेच्या मध्यरात्रीची घटिका म्हणून साठवली जाते. तीच यूटीसीमध्ये लिहिली की साडेपाच तास मागे सरकते: १४ जून, संध्याकाळचे १८:३०. पलीकडची यंत्रणा वेळ कापून तारीख ठेवते, आणि ग्राहक एक दिवस आधी जन्मतो. लंडनच्या टीमला हिवाळ्यातली जन्मतारीख घेऊन चाचणी करताना हे दिसत नाही, कारण हिवाळ्यात त्यांची मध्यरात्र आणि यूटीसीची मध्यरात्र एकच असते. ‘आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही’ हे उत्तर येतं ते अशा वेळी, आणि त्यांना खोटं म्हणता येत नाही. जन्मतारखेला घड्याळ नसतं. ती टाइमझोनविना, निव्वळ तारीख म्हणून पाठवावी, एवढंच त्यावर औषध आहे.

सुरक्षेचा थर आला की मात्र सोप अचानक कमालीचं हट्टी होतं. डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे ओएसिसचं २००४ चं मानक. त्यात निरोपावर वेळेचा शिक्का असतो आणि डिजिटल सहीही करता येते. डब्ल्यूसीएफ दोन घड्याळांतला पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं. व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ त्याहून जास्त सरकलं की काल चाललेला निरोप आज नाकारला जातो, आणि फॉल्टमध्ये सुरक्षेची तपासणी फसली एवढंच कोरडं वाक्य येतं. घड्याळाचं नाव नाही. हे मुद्दाम असतं, कारण चोराला जास्त माहिती द्यायची नसते. पण सावाचीही रात्र त्यात जाते. सही केलेल्या निरोपाची आणखी एक खोड आहे. वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये कोणी एक्सएमएलला समास घालून नीट मांडलं, तर त्या मोकळ्या जागांमुळे मजकूर बदलतो आणि सही मोडते. काही वेळा हे काम लॉग लिहिणारा एखादा भाबडा फिल्टर परस्पर करून टाकतो. आणि काल पकडलेला सहीचा निरोप आज जसाच्या तसा पुन्हा पाठवून बघावा म्हटलं तर तेही जमत नाही. वेळ उलटलेली असते किंवा नॉन्स, म्हणजे एकदाच चालणारी खूण, वापरलेला म्हणून नोंदलेला असतो.

मग करायचं काय? या कामात मुरलेली माणसं एकच शिस्त सांगतात: कोडवर चर्चा करण्याआधी तारेवरचा कच्चा निरोप हातात घ्या. पीएचपीमध्ये ‘ट्रेस’ चालू केला की शेवटचं पाकीट मागता येतं. इतर ठिकाणी फिडलर किंवा सर्व्हरचा लॉग कामी येतो. मग सोपयूआयमध्ये विज्डल टाकून हाताने एक चालणारं पाकीट बनवायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघायचं. सोपयूआय हे अवजार २००५ च्या सुमारास स्वीडनमधल्या एविवेअरने आणलं. २०११ मध्ये ते स्मार्टबेअरकडे गेलं. दिसायला अगदी ओबडधोबड, पण त्यातून कॉल यशस्वी झाला की निदान नेटवर्क, सर्टिफिकेट आणि समोरची सेवा या तीन गोष्टींवरचा संशय बराच निवळतो. मात्र आपला कोड ज्या सर्व्हरवर चालतो तिथूनच ते चालवावं. आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे प्रॉडक्शनच्या फायरवॉलनेही सोडलं असं होत नाही. उत्तरादाखल एक्सएमएलऐवजी एचटीएमएल आलं असेल तर आणखी खोलात जाऊ नये. ते बहुधा प्रॉक्सीचं लॉगिन पान असतं.

चांगला फॉल्ट कसा असतो ते बघायचं तर व्हीआयईएसकडे बघावं. ती सेवा क्रमांकाची विचारणा त्या त्या देशाच्या यंत्रणेकडे करते. तिकडची यंत्रणा बंद असेल तर ‘सदस्य देश उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संकेत येतो. देशाचा संकेत चुकला असेल किंवा क्रमांकच रिकामा असेल तर ‘इनपुट चुकीचा’. गर्दी झाली असेल तर तिसराच. वाचणाऱ्याला लगेच कळतं की थांबायचं, दुरुस्त करायचं की पुन्हा प्रयत्न करायचा. याउलट काही सेवा फॉल्ट पाठवतच नाहीत. २०० क्रमांकाने छान यशस्वी पाकीट येतं आणि आत एका ओळीत ‘अपयश’ लिहिलेलं असतं. मॉनिटरिंगचा पडदा दिवसभर हिरवागार, आणि ऑर्डरी मात्र एकामागून एक परत.

आता बऱ्याच ठिकाणी जुन्या सोप सेवेच्या पुढे रेस्टचा नवा दर्शनी भाग बांधला जातोय. मोबाइल ॲपला जेसन हवं असतं, आणि आतली यंत्रणा बदलायला ना पैसा असतो ना धाडस. तिथे एक काम हमखास राहून जातं. आतून आलेल्या फॉल्टमधला तपशील, म्हणजे चुकलेला रकाना, संकेत, कारण, सगळं त्या नव्या थरात गाळलं जातं आणि ॲपच्या हाती ‘इंटर्नल एरर’ एवढंच पडतं. ग्राहकाला तपशील दाखवू नये हे खरं, पण एक ट्रॅकिंग क्रमांक घालून तो अख्खा फॉल्ट लॉगमध्ये ठेवायला फार तर दहा-बारा ओळींचा कोड लागतो. नव्या थराच्या पहिल्याच रिव्ह्यूमध्ये ‘फॉल्ट कुठे जातो?’ एवढं जरी कोणी विचारलं, तरी त्या ओळी लिहिल्या जातात.