बाळंतिणीला कुणी विचारतं का?

आजचा विषय ताई, वहिनी, मैत्रीण यांच्यापैकी कुणाच्या तरी घरातला आहे, तेव्हा स्पीड दीडपट करून ऐकू नका.

बाळंतिणीची खोली डोळ्यांसमोर आणा. शेक आहे, डिंकाचे लाडू आहेत, अळिवाची खीर आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, बाळाचं वजन किती? दूध पुरतंय ना? आणि ती रडताना दिसली की ठरलेलं वाक्य, ‘अगं रडू नकोस, दुधावर परिणाम होईल.’

आता यातला फरक समजून घेऊ. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पण त्याच्या पुढेही ते चालूच राहिलं, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, ‘मी चांगली आई नाही’ हेच डोक्यात फिरत राहिलं, तर तो आजार असू शकतो. लाड किंवा नाटक नव्हे. आणि त्यावर उपचार आहेत.

हे फक्त शहरातल्या बायकांचं फॅड आहे असं वाटतंय? गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास होता. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. आणि मुलगी झाली की मारहाण, उपासमार यांचा घाव आणखी खोल जात होता. म्हणजे सगळं खापर ‘हार्मोन्स’वर फोडून घरच्यांना मोकळं होता येत नाही.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. सहा भेटी! बाळाचं वजन, ताप, आईचा रक्तस्राव, सगळं बघते. 42 वा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे, गोव्यात ज्या सुमाराला नैराश्य सापडलं तोच. दारापर्यंत माणूस पोचलेलं आहे, फक्त मनाचा प्रश्न नेमाने विचारला जायला हवा.

प्रश्न तयारही आहेत. 1987 मध्ये आलेल्या एडिनबरा प्रश्नावलीत फक्त 10 प्रश्न आहेत, तेही गेल्या सात दिवसांबद्दल. हसू येतं का, उगाच स्वतःला दोष देता का, स्वतःला इजा करावी असं वाटलं का. पाचेक मिनिटांचं काम. माझं मत असं, की हे गरोदरपणाच्या तपासणीत एकदा आणि 42 व्या दिवशी एकदा सक्तीचं करावं. मात्र आशाताईच्या डोक्यावर फुकटचं आणखी एक काम टाकून नव्हे. या सगळ्या भेटींचे मिळून तिला 250 रुपये ठरवले गेलेत. प्रशिक्षण आणि मोबदला दोन्ही वाढायला हवेत. शिवाय सासू शेजारी बसलेली असताना ‘घरात त्रास आहे का?’ विचारून काय उपयोग? एकटीशी बोलता आलं पाहिजे.

विचारल्यावर पुढे काय, हाही प्रश्न आहेच. गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेने गावातल्या साध्या बायकांना शिकवून गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. 280 जणींचा तो अभ्यास 2019 मध्ये आला. फायदा माफक होता, चमत्कार नव्हता, पण प्रत्येक तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळेपर्यंत वाट बघायची गरज नाही एवढं त्यातून दिसलं. आणि भरती करायची वेळ आलीच तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून तोडायचं नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई-बाळ एकत्र राहतील असा वॉर्ड आहेही. असे वॉर्ड जिल्ह्याजिल्ह्यात हवेत.

तोवर नंबर सेव्ह करा : 14416, टेली-मानस. फुकट आहे, 24 तास आहे, मराठीत बोलता येतं. नवरा, भाऊ, मैत्रीण, कुणीही लावू शकतं. आणि ती स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याबद्दल बोलली, भास होताहेत असं वाटलं, तर फोनवर थांबू नका. तिला एकटीला सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.