तारापूर टू फाँटेनब्लो

एमआयडीसीतल्या शिफ्ट करता करता फॉरेन एमबीएचं स्वप्न बघताय? मग ब्रोशरमधले गुळगुळीत फोटो जरा बाजूला ठेवा. सातबारापासून स्टडी ग्रुपपर्यंतचे कामाचे फंडे इथे वाचा!

डहाणू लोकलमध्ये सकाळी नजर टाका. कुणी डुलक्या काढतंय, कुणी डब्यातला पोहा संपवतंय आणि खिडकीशी बसलेला एखादा मोबाइलवर जीमॅटचे प्रश्न सोडवतोय. अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज आणि डोळ्यांसमोर पॅरिस नाहीतर लंडन. पालघर-बोईसर पट्ट्यात हे चित्र आता नवीन नाही. १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली आणि देशभरातले इंजिनिअर इथे कामाला आले. आता इथली पोरं बाहेर निघालीत.

माझी एक मैत्रीण अशीच पालघरची. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत सहा वर्षं क्वालिटीमध्ये घासलेली. इन्सियादचा ॲडमिशनचा मेल आला तेव्हा ती कंपनीच्या बसमध्ये होती. ओरडायची सोय नव्हती, म्हणून तिने शेजारच्या मावशींचा हात गच्च धरला. संध्याकाळी घरी पेढे. आणि पुढच्या सोमवारी बँकेत पहिला प्रश्न - "घर कुणाच्या नावावर आहे?"

घर गावठाणात. उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव, शिवाय दोन काका आणि एक आत्या. बँकेने फाइल परत दिली. सीट पक्की करायची रक्कम भरायला हातात होते तीन आठवडे!

जीमॅट, निबंध, इंटरव्ह्यू यावर ढिगाने सल्ले मिळतात. खरी गोची होते ती अशा ठिकाणी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी कपाट उघडा

अर्ज करण्याच्या वर्षभर आधी घरचे कागद बाहेर काढा. फ्लॅट असेल तर करारनामा, इंडेक्स टू आणि ओसी. स्वतंत्र घर असेल तर वारसनोंद झालीय का ते बघा. मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागतात आणि शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत. आपल्या जिल्ह्यात आदिवासी खातेदारांची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, त्यामुळे तीही बँकेच्या कामाची नसते. "वाडी आहे ना आपली!" हे वाक्य लग्नाच्या बैठकीत चालतं, लोन ऑफिसरसमोर नाही.

तारणच नसेल तर? को-सायनरशिवाय कर्ज देणाऱ्या परदेशी कंपन्या आहेत. इन्सियादच्याच माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये सुरू केलेली प्रॉडिजी फायनान्स त्यातलीच एक. पण असं कर्ज परकीय चलनात असतं. नोकरी भारतात लागली आणि रुपया घसरला, तर हप्ता आपोआप फुगतो. मुंबईचं जे. एन. टाटा एन्डोमेन्ट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतंय, तिथे अर्ज कराच. राज्य सरकारच्या सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांच्याही परदेश शिष्यवृत्त्या आहेत. उत्पन्नाची अट, वयाची अट आणि विद्यापीठाच्या क्रमवारीची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचा, व्हॉट्सॲपवर नाही.

एक कोटीचं गणित

इन्सियादचा एमबीए १० महिन्यांचा. फी एक लाख युरोच्या आसपास. राहणं, खाणं, विमा, प्रवास वेगळा. म्हणजे रुपयात आकडा एक कोटीच्या पुढे जातो. एक कोटीचं कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता येतो महिना साधारण एक लाख सात हजार. शिकत असताना हप्ता नसतो हे खरं, पण व्याजाचं मीटर चालूच असतं.

आता आमच्या मैत्रिणीच्या बाबांचा नियम. ते आयुष्यभर प्लांटवर फोरमन होते. म्हणाले, "तुझा युरोतला पगार मला सांगू नको. उद्या मुंबईतच नोकरी लागली तर हप्ता झेपेल का, तेवढं सांग." यापेक्षा चांगला फायनान्सचा धडा फाँटेनब्लोमध्येही मिळणार नाही! उत्तर 'नाही' असेल तर शिष्यवृत्तीसाठी एक वर्ष थांबा किंवा शाळा बदला. थांबण्यात कसलाच कमीपणा नाही.

पैसे पाठवतानाचे दोन नियमही लक्षात ठेवा. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. आणि १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली, तर त्यावर टीसीएस कापला जात नाही. स्वतःच्या खिशातून पाठवत असाल तर वर्षाला १० लाखांपर्यंत सूट आहे. जुन्या करप्रणालीत राहिलात तर कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. कर्ज कुठून घ्यायचं हे ठरवताना हेही हिशेबात धरा.

जीमॅट : घाबरू नका, पण लोळूही नका

नवा जीमॅट सव्वादोन तासांचा आहे. ४५-४५ मिनिटांचे तीन भाग, ६४ प्रश्न, गुण २०५ ते ८०५. निबंध गेला, भूमिती गेली आणि इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायचा तो छळवादी प्रकारही गेला. मराठी मीडियमवाल्यांनो, ही तुमच्यासाठी खूशखबर! बदल्यात डेटा इनसाइट्स आलंय. तक्ते आणि आलेख वाचून निष्कर्ष काढायचे. प्लांटचा रोजचा रिपोर्ट वाचणाऱ्यांना हे जड जाऊ नये.

परीक्षा घरूनही देता येते. पण नेट दगा देणार असेल आणि खिडकीखाली भाजीवाल्याची आरोळी असेल, तर सरळ मुंबईचं सेंटर घ्या. आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला जा. मेगाब्लॉक तुमचा स्कोअर विचारत नाही. स्कोअर पाच वर्षं चालतो, त्यामुळे नोकरीत जरा श्वास मिळाला की उरकून टाका.

तुमची गोष्ट 'छोटी' नाही

इथल्या पोरांची सगळ्यात मोठी चूक कोणती? निबंधात बोईसर लपवणं. 'मुंबईजवळ एका कंपनीत काम करतो' असं गुळमुळीत लिहायचं. अरे, कशाला? रात्री दोन वाजता रिॲक्टरचं तापमान चढलं, तेव्हा निर्णय कोणी घेतला? सांडपाण्याचा खर्च कसा कमी केला? ओडिशा, यूपी आणि जव्हारमधून आलेल्या कामगारांची एक टीम कशी बांधली? बड्या कन्सल्टन्सीत बसलेल्या कित्येकांनी यातलं काहीच बघितलेलं नसतं. फक्त आकडा द्या. किती टन, किती तास, किती रुपये.

शिफारसपत्राचं मात्र वेळेत बघा. छोट्या कंपनीत मालक तुम्हाला मुलासारखं वागवतात, पण त्यांचा मेल आयडी कंपनीच्या नावाचा नसतो आणि फॉर्म बघून ते म्हणतात, "तूच लिही, मी सही करतो." हे करू नका. त्यांच्यासोबत अर्धा तास बसा, तुमची दोन-तीन कामं आठवून द्या आणि शब्द त्यांचेच राहू द्या. ट्रान्सक्रिप्टसाठीही हातात भरपूर वेळ ठेवा. विद्यापीठाचं काम तुमच्या डेडलाइनवर चालत नाही.

पोचल्यावर

फाँटेनब्लो म्हणजे पॅरिस नव्हे. राजवाडा, भलंमोठं जंगल आणि पॅरिसच्या गार द लियों स्टेशनपासून ट्रेनने साधारण ४० मिनिटं. पालघरकरांना हे वेगळं सांगायला नको. 'मुंबई' म्हणायचं आणि राहायचं विरारच्या पुढे, तसंच ते! बरेच विद्यार्थी आजूबाजूच्या गावांत घरं शेअर करतात. कॅम्पस किती लांब आणि संध्याकाळी जायला काय मिळतं, हे विचारल्याशिवाय भाडेकरार करू नका. व्हिसा मिळाला म्हणजे काम संपलं असंही समजू नका. फ्रान्सचा लाँग स्टे स्टुडंट व्हिसा पोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो.

प्रवेश जानेवारीत की ऑगस्टमध्ये, हाही फरक आहे. जानेवारीच्या बॅचला मध्ये उन्हाळ्यात इंटर्नशिपची संधी मिळते. केमिकलमधून फायनान्समध्ये, असं क्षेत्रच बदलायचं असेल तर ही संधी सोन्याची.

वर्गात गुण असतात ते बोलण्याला. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, आधी ऐकून घ्यावं, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. तिथे ही सभ्यता महाग पडते. माझ्या मैत्रिणीने पहिले दोन आठवडे तोंड उघडलं नाही आणि प्रोफेसरला वाटलं, ही केस वाचूनच येत नाही! मग तिने नियम केला, पहिल्या १० मिनिटांत एक तरी वाक्य बोलायचं. चुकलं तर चुकलं. तिसऱ्या आठवड्यात भीड चेपली.

स्टडी ग्रुप शाळाच पाडून देते आणि मुद्दाम वेगवेगळ्या देशांचे लोक एकत्र टाकते. भांडणं होतात. कोणी तोंडावर "हे चूक आहे" म्हणतं, कोणी सगळ्याला "हो हो" म्हणून काहीच करत नाही. पहिल्याच बैठकीत कोण काय आणि कधीपर्यंत करणार, हे लिहून काढा. शिफ्ट हँडओव्हर लिहिणाऱ्यांना हे सांगायला नको. आणि दर वीकेंडला कोणी ना कोणी कुठे ना कुठे निघालेलंच असतं. महिन्याला एक ट्रिप, बास. बाकीच्या वेळी "कर्ज आहे बाबा" असं हसत सांगा. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांवर ते असतंच.

बॅगेत कुकर टाका, घोलवडचे चिकू चिप्स टाका आणि एखादं वारली चित्रही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची कला १९८९ मध्येच पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचली होती. त्यामुळे तिथे पालघरची ओळख करून द्यायला इतकी सुंदर सुरुवात दुसरी नाही.

आणि त्या घराचं काय झालं?

काकांनी विरारचा फ्लॅट तारण दिला. आधी एक आठवडा गप्प होते. मग एका संध्याकाळी फाइल घेऊन आले आणि फक्त म्हणाले, "हप्ता चुकला तर मी तुझ्या बापाला नाही, तुलाच फोन करणार." तीन आठवड्यांतला अठरावा दिवस होता तो.

ती आता सिंगापूरमध्ये नोकरी करते. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो आणि सहा तारखेला ती काकांना फोन करते. काका विचारतात, "जेवलीस का?" हप्त्याचं कोणीच काही बोलत नाही.

तेव्हा मंडळी, जायचं असेल तर जरूर जा. पण शाळांची यादी काढण्याआधी आपल्यासाठी कोण काय पणाला लावतंय, ते नाव एका कागदावर लिहा. आणि आजोबांच्या नावाचा तो उतारा? वारसनोंदीचा अर्ज याच आठवड्यात टाका!