खिन्नता आणि यहुदी धर्मविचार

कामगार चळवळीत आमची तीस वर्षे गेली. एका कारखान्याला टाळे लागले, तेव्हा अंथरूण धरून बसलेल्या एका सोबत्याकडे आम्ही गेलो आणि तासभर धीराचे व्याख्यान दिले. त्याने भिंतीकडे तोंड फिरवले. युनियनचे हिशेब पाहणारे एक बेने इस्राएल गृहस्थ होते. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आधी भाकरी न्यायची, साहेब! एलियाहूची गोष्ट ठाऊक नाही का?"

ठाऊक नव्हती. आमची शाळा सातवीत सुटलेली.

बेने इस्राएल म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने ते गोड पोह्यांचा मलिदा करतात. हा एलियाहू एकदा राणीच्या भयाने रानात पळाला आणि झुडुपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने काय केले? उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताकरवी निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी पाठविले. तो जेवला, पुन्हा निजला; पुन्हा जेवण आले. "येथे काय करतोस?" हा प्रश्न आला तो चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, होरेब पर्वतावर. आम्ही तो दारातच विचारला होता.

यहुद्यांच्या सुतकातही हीच रीत आहे. दफनानंतरचे पहिले जेवण शेजाऱ्यांनी आणायचे, आणि दुःखी माणूस बोलेपर्यंत समाचाराला आलेल्याने तोंड उघडायचे नाही. शोकाला मर्यादाही घातली आहे: सात दिवस, मग तीस, आईबापांसाठी वर्ष.

पण मन काही पंचांग पाहून सावरत नाही. मैमोनिदीस (मृत्यू १२०४) हा थोर धर्मशास्त्री आणि वैद्य. अतिशोक करू नये, हे त्यानेच शास्त्रात लिहिले. त्याचा भाऊ दावीद व्यापाराला निघाला असता हिंदी महासागरात बुडाला, तेव्हा हाच मैमोनिदीस सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळला. आठ वर्षांनंतरच्या पत्रातही ती जखम ओलीच दिसते.

पुढे १७९६ साली छापलेल्या 'तान्या' ग्रंथात रब्बी श्नेउर झल्मन यांनी कुस्तीचा दाखला दिला. अंगाने बळकट असलेला मल्लही मनाने सुस्त व जड असेल तर चीत होतो, म्हणून खिन्नता झटकावी. अंतःकरणाची तळमळ त्यांनी वेगळी धरली. तळमळीत जीव हालतो, खिन्नतेत तो दगडासारखा पडतो. हा भेद आम्हांस मोलाचा वाटतो, कुस्तीचा दाखला मात्र अर्धाच पटतो. तापाने फणफणलेल्या मल्लाला सुस्त कसे म्हणावे?

त्यापेक्षा तलमुदातले रब्बी योहानान आम्हांस जवळचे. ते आजाऱ्यांना हात देऊन उठवीत. स्वतः आजारी पडले तेव्हा मात्र रब्बी हनिनांना येऊन हात द्यावा लागला. स्वतःच का उठले नाहीत? कोठडीतल्या माणसाला आपले कुलूप आतून काढता येत नाही, असा तेथे खुलासा आहे.

त्या सोबत्याकडे आम्ही पुन्हा गेलो ते पिठले-भाकरी घेऊन. तो बोलला नाही. अर्धी भाकरी खाल्ली. चौथ्या खेपेस तो आमच्याबरोबर डॉक्टरकडे आला.