चष्म्याशिवाय त्रिमिती

राजुऱ्याहून चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला गेलात, की देवादिकांच्या तसबिरींचं एखादं दुकान बघा. मान हलवली की चित्र बदलतं, तशी प्लॅस्टिकची तसबीर तिथे असली, तर तिच्यावरून नख फिरवा. खरखर लागेल. त्या बारीक उभ्या रेघा म्हणजे भिंगंच. डाव्या डोळ्याला एक चित्र, उजव्याला थोडं वेगळं. आपल्या डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्या फरकावरूनच मेंदू खोली ताडतो. 1984 साली ‘माय डियर कुट्टीचातन’ने, म्हणजे हिंदीतल्या ‘छोटा चेतन’ने हेच काम चष्म्याकडून करून घेतलं.

होलोग्राफिक पडद्यावर रेघा नसतात. प्रकाशसंवेदी थरावर लेसरच्या दोन झोतांची जाळी नोंदवतात आणि तो सपाट थर भिंगासारखा वागतो. एका प्रोजेक्टरचा उजेड तो नेमका एका डोळ्याच्या जागी पाठवतो, दुसऱ्याचा दुसऱ्या डोळ्याच्या जागी. गोम इथेच आहे: डोकं जागेवरून सरकलं की खोली गायब. 1976 साली मॉस्कोत व्हिक्टर कोमार यांनी असा पडदा वापरून जेमतेम 47 सेकंदांचा होलोग्राफिक चित्रपट दाखवला, तोही एका वेळी मोजक्याच प्रेक्षकांना.

23 जानेवारी 2022 ला इंडिया गेटजवळ उभा राहिलेला नेताजींचा 28 फुटी ‘होलोग्राम’ मात्र पारदर्शक पडद्यावर प्रोजेक्टरने पाडलेली प्रतिमा होती. देखणी होती, पण दोन्ही डोळ्यांना एकच चित्र मिळत असेल, तर त्याला खरी त्रिमिती म्हणता येत नाही.