कोर्सचे पैसे भरण्याआधी



दहावी-बारावीचा निकाल लागला की पाड्यावर निरनिराळ्या कोर्सची पत्रके येऊ लागतात. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाची उचल येते. या दोन्हींच्या मधल्या तीन-चार महिन्यांत आपल्या कितीतरी मुलांचे पुढचे आयुष्य ठरते. व्यवसाय शिक्षणाची माहिती देत मी पाड्यापाड्यांवर फिरतो, तेव्हा पालक एकच विचारतात, "भाऊ, कोणता कोर्स चांगला?" मी त्यांना सांगतो, आधी चार प्रश्न विचारा, मग कोर्स निवडा.

पहिला प्रश्न : सर्टिफिकेट कोण देणार? आमच्या भागातील काही मुलींनी एका खाजगी संस्थेत 'नर्सिंग'चा एक वर्षाचा कोर्स केला. फी भरण्यासाठी घरच्यांनी शेळ्या विकल्या. कोर्स संपल्यावर कळले की त्या कागदावर परिचारिका म्हणून नोंदणीच होत नाही. एएनएम हा बारावीनंतरचा दोन वर्षांचा कोर्स आहे, जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींसाठी संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता लागते. रुग्ण सहाय्यकाचा काही महिन्यांचा कोर्स वेगळा. तोही उपयोगी आहे, त्यावर दवाखान्यात काम मिळते. पण तो केलेली मुलगी नर्स होत नाही. हा फरक पैसे भरण्याआधी समजला पाहिजे. आयटीआयचे तसे नाही. तिथल्या मान्यताप्राप्त ट्रेडची परीक्षा देशभर एकच असते आणि तिचे प्रमाणपत्र कुठल्याही राज्यात चालते.

दुसरा प्रश्न : माझ्या शिक्षणावर प्रवेश मिळेल का? दहावी नापास झाला म्हणजे सगळे संपले, असे मानू नका. वेल्डर हा एक वर्षाचा आणि वायरमन हा दोन वर्षांचा ट्रेड आठवी पास मुलांनाही घेता येतो. शिवणकामाचा ट्रेडही आठवीनंतर एका वर्षाचा आहे. इलेक्ट्रिशियनला मात्र विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. आणि मुलींनो, शिवण आवडत असेल तर जरूर शिका, पण वायरमनचा वर्ग तुम्हालाही खुला आहे.

तिसरा प्रश्न : हाताला काम किती मिळणार? फळ्यावर मोटार काढून मोटार दुरुस्त करता येत नाही. कम्युनिटी कॉलेजची कल्पनाच यातून आली. आसपास ज्या कामाची गरज आहे ते शिकवायचे, आणि तिथल्याच कारखान्यांची, दवाखान्यांची, दुकानांची मदत घेऊन शिकवायचे. भारतात पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे कॉलेज सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास देशभरातील कॉलेजांसाठी ही योजना आणली. प्रवेश घेण्याआधी कार्यशाळा स्वतः पाहून या. यंत्रे चालू आहेत की धूळ खात पडली आहेत, ते एका फेरीत कळते. कोर्सनंतर शिकाऊ उमेदवारी मिळते का, हेही विचारा. १९६१ च्या कायद्यानुसार त्या काळात विद्यावेतन मिळते.

चौथा प्रश्न : यापुढची पायरी कोणती? दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतरच्या बी.व्होक. अभ्यासक्रमात एका वर्षाने डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा आणि तीन वर्षांनी पदवी मिळते. घरच्या अडचणीमुळे पहिल्या वर्षानंतर थांबावे लागले, तरी हातात काहीतरी राहते. आपल्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

काम कुठे मिळेल, याचाही विचार शहराकडे न पाहता करता येतो. २०१९ पासून जलजीवन मिशनचे नळ गावोगाव आले, शेतात सौर पंप बसले. पाइप गळला, पंप बंद पडला की मिस्त्री तालुक्याहून येईपर्यंत बायांच्या डोक्यावर पुन्हा हंडा येतो. हे काम पाड्यावरच्याच मुलाला किंवा मुलीला येत असेल, तर पाणी लवकर सुरू होईल आणि मजुरीही पाड्यातच राहील.

खर्चाची भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. शासकीय आयटीआयची फी खाजगी संस्थांच्या मानाने पुष्कळ कमी असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव आहेत, दहावीनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहेही आहेत. त्यांची चौकशी आपल्या प्रकल्प कार्यालयात करावी. बहुतेक मुले अडतात ती कागदांपाशी. म्हणून जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक निकालाची वाट न पाहता आताच तयार ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकसारखे लिहिले आहे ना, तेही तपासा.

आमचे कार्यकर्ते दर महिन्याला पाड्यावर येतात. कोणतेही पत्रक हाती आले तर ते फेकू नका आणि लगेच पैसेही भरू नका. ते त्यांना दाखवा. चार प्रश्नांची उत्तरे मिळून शोधू. आपल्या घरात दहावी-बारावीचे कोणी नसेल, तर हे पान शेजारच्या घरी वाचून दाखवा.